दुसऱ्या हाकेला ओ

१७ मे

दादा,

पोचलो. वहिनी, हे तू वाचून दाखवशील म्हणून आधी तुलाच सांगतो, मधलं काय गाळू नको. आणि आये जवळ असली तर मोठ्यानं वाच, तिला डाव्या कानानं कमी येतं.

दादा, तू माझा फोन कापतोस. वाडीत रेंज नाय हे मला पण ठाऊक हाय, पण म्हशी घेऊन वरच्या टेकाडावर, टेपावर जातोस तेव्हा दोन कांड्या येतात, तेव्हा पण कापतोस. म्हणून कागद लिहितो. कागदाचा फोटो काढून पोलादपूरला जितेश झेरॉक्सवाल्याला पाठवायचा, तो छापून दुधाच्या जीपमधनं वर धाडणार, असं ठरलंय. कागद कापता येत नाय. फाडता येतो. फाड, पण ऐकून मग.

प्रवास झकास झाला. वीर स्टेशनात गाडी वेळेवर, मुंबईत विमान वेळेवर, व्हँकुव्हरला दुसरं विमान, ते पण वेळेवर. विमानात घोंगडी देतात, एवढी पातळ की मोरी म्हशीच्या पाठीवर टाकली तर ती शिंगानं भिरकावून देईल. पुढं गाडीनं अजून वर आलो. ह्या मुलखाला युकॉन म्हणतात. कॅनडाचं वरचं टोक.

मोटेल म्हंजे आपल्या हायवेवरच्या ढाब्यासारखंच, वर राहायला खोल्या. पुढचं गाव यायला अर्धा दिवस लागतो, मध्ये नुसतं सुरूसारखं झाड आणि झाड. मालकीण सेजलबेन, गुजराती, हिंदी बोलते. निषाद मला इथं घेऊन आला तो तुला आठवत असेल, महाडच्या मास्तरांचा मुलगा, एमआयडीसीत असताना माझ्याबरोबर होता. तो इथं स्वयंपाकी, मी त्याच्या हाताखाली. एका खोलीत राहतो. आयेनं दिलेलं सुकट आणि तूप त्यानं बोटं चाटून खाल्लं.

तब्येत बरी हाय. झोप पण मस्त.

मी निघताना तू शिवेवर आला नाहीस त्याचं मी काय काढणार नाय. एवढंच विचारतो, गोठ्यात होतास ना? फळीखालनं तुझे पाय दिसत होते.

मालोजी


२० मे

दादा,

मागच्या कागदात थोडं खोटं लिहिलं. वहिनी, हस, मला इथपर्यंत ऐकू येतंय.

सुकट निषादनं खाल्लं नाय. व्हँकुव्हरला एक कुत्रा आला, लांब कानाचा, अंगात हिरवा सदरा. माझ्या पिशवीपाशी येऊन बसला. मी म्हटलं किती गरीब जनावर, त्याचं डोकं खाजवलं. तर तो बसला म्हंजेच त्यानं मला धरून दिलं होतं. कुत्र्याबरोबरच्या बाईनं पुडी उघडली आणि दोन पावलं मागं सरली. सुकट गेलं, तूप गेलं. कुत्र्याला बिस्किट मिळालं.

मग हात धुवायला गेलो. नळाला चावी नाय. लोक खाली हात धरतात आणि पाणी येतं. मी धरले, नाय आलं. शेजारच्या नळाला, नाय. एक म्हातारा सरदारजी आला, माझ्याच नळाखाली हात धरले, भसाभसा पाणी. म्हणाला, “आजा पुत्तर, इस में धो ले.” त्याच्या पाण्यात मी हात धुतले. तेव्हा हसायला आलं.

आता खरं सांगतो. ते दुसरं विमान चुकलं. झोपलो नव्हतो, दारासमोर खुर्चीवर टक्क बसलो होतो. बाहेर लख्ख ऊन होतं, पण अंगात मध्यरात्र. डोळ्यांत वाळू. तेवढ्यात वरच्या भोंग्यातनं बाई बोलली, माझं नाव. वेडंवाकडं, पण माझंच. मी गप्प बसलो. थोड्या वेळानं परत. मी गप्पच. तिसरीला उठायचं म्हणून पिशवी पण खांद्याला लावली. तिसरी आलीच नाय. दार लावलं, आणि काचेतनं विमान मागं सरकताना दिसलं.

निषादनं दुसऱ्या दिवशी उतरवून घेतलं तेव्हा कपाळाला हात लावला. “दोनदा नाव पुकारलं आणि तू बसून राहिलास? का पण?”

मी त्याला सांगितलं, आमच्या वाडीत दिवेलागणीनंतर पहिल्या दोन हाकांना ओ देत नाय. दोन हाका कोण पण मारतं, जे माणूस नाय ते पण मारतं. तिसरी फक्त घरच्या माणसालाच मारता येते.

“आणि विमान कंपनी तुझ्या घरची आहे का?”

मी म्हटलं, अंगात रात्र होती रे. त्याला ते कळलं नाय. तो महाडचा माणूस, वाडीतला नाय.

मालोजी


२४ मे

दादा,

झोप लागत नाय. लागते, पण भलत्या वेळी. निषाद म्हणतो ह्याला जेट लॅग म्हणतात, शरीर पुढं येतं आणि आतलं घड्याळ गावाला राहतं, आठवड्यात मागनं येऊन पोचतं. आपल्याकडे दिवस तेव्हा इथं रात्र, बरोबर उलटं. वहिनी चूल पेटवते तेव्हा मी संध्याकाळची भांडी घासतो. तो म्हणतो, उन्हात चाल, शरीर सूर्य बघून शिकतं. पण इथला सूर्य स्वतः झोपत नाय, मी त्याच्याकडनं काय शिकू? दिवस मळतो, मळक्या धोतरासारखा, आणि तसाच परत उजळायला लागतो. दिवा लावायची वेळच येत नाय.

परवा चादरींच्या कपाटात झोपलो. उभ्यानं. काल निषाद म्हणाला डाळीला फोडणी दे, मी लाल मिरची टाकली आणि डोळा लागला. छतातलं यंत्र बोंबलायला लागलं, सगळी गिऱ्हाइकं चड्डीवर बाहेर. सेजलबेन काय ओरडली नाय, ते जास्त वाईट. म्हणाली, “मालोजी, मैं ने तुझे निषाद के भरोसे पे बुलाया. महिना पूरा होने तक देखती हूँ. फिर तेरा टिकट निकालूँगी, वापसी का.”

दादा, तेच तू म्हणाला होतास. कंपनी सोडली, आंबेनळी घाटातली जीप सोडली, ढाबा सोडला, हे पण सोडून महिन्याच्या आत दारात उभा राहशील. मी राहणार नाय. काय वाट्टेल ते करीन पण तुझं ते तोंड बघायला येणार नाय. वहिनी, हे वाक्य गाळलंस तरी चालेल.

एक विचारायचं होतं. सकाळी मी खरकटं टाकायला मागं जातो. तिथं लोखंडी पेटी हाय, अस्वलानं उघडू नये म्हणून कडी असलेली. त्या वेळी तिकडे तुमची दिवेलागण. काल कडी लावत होतो तर झाडांतनं हाक आली. माल्याऽऽ. पहिलं अक्षर लांब, आपण खिंडीपलीकडच्या माणसाला मारतो तशी. मी थांबलो. परत आली. मग कायतरी खोकल्यासारखं झालं, अस्वल असेल. तिसरी आली नाय.

इथं मला माल्या कोण म्हणत नाय.

आज पण आली.

मालोजी


२९ मे

दादा,

तू काय कळवलं नाहीस. वहिनीनं जितेशच्या दुकानात जाऊन आवाज भरून पाठवला, तो मी निषादला पण ऐकवला. म्हणाली, “भावजी, तुमचं बरं चाललंय ना? इथं मोरी येड्यावानी करते. तुम्ही गेल्यापासनं कुणाला आचळाला हात लावू देत नव्हती, लाथ झाडायची. आता सकाळी तुमच्या वेळेला आपसूक पान्हा सोडते. कोण बसलेलं नसतं. मान वळवून तुमच्या धारेला बसायच्या पाटाकडे बघते आणि दूध खाली गळतं. आये म्हणतात कुणी पाट हलवायचा नाय. आणि तुमची घोंगडी रोज घडी करून ठेवते, ती सकाळी पसरलेली असते.”

हे ऐकल्यावर निषाद हसला नाय, नि मी पण नाय. कारण एक गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. इथं रोज संध्याकाळी भांडी घासताना माझे हात आपोआप चालायला लागतात. मुठी आवळतात, सुटतात, एक खाली एक वर. साबणाच्या पाण्यात धार काढतात. ही वेळ म्हंजे तुमची सकाळची धारेची वेळ. मी थांबवतो म्हटलं तरी थांबत नायत. मोरीचं आटलं की थांबतात.

सकाळी मी निषादला पेटीपाशी घेऊन गेलो. म्हटलं, नुसता उभा राहा. तो कानाला टोपी ओढून, “कानात विमानाची हवा भरलीय तुझ्या, दुसरं काही नाही,” असं म्हणेपर्यंत आली. माल्याऽऽ. त्यानं टोपी काढली. दुसरी आली. मग तो खोकला.

“कोणीतरी मराठीत हाक मारतंय,” तो म्हणाला. “मालोजी, आत चल.”

“तिसरी येऊ दे.”

“आत चल म्हणतो ना!”

आता तो खरकटं टाकायला येत नाय. पण मला विचारायला लागलाय. शिवेचं काय, धोंड्याचं काय. मी सांगितलं. वाडीतनं माणूस लांब निघाला की घरातला थोरला शिवेच्या धोंड्यापाशी उभा राहून त्याला नावानं तीन हाका मारतो. जाणारा पुढं चालत राहतो आणि तिसरीला ओ देतो. दिली की माणूस सगळाच्या सगळा निघाला. त्याचं मागं काय उरलं नाय. त्याला म्हटलं, आमच्या ठमाबाईचा नवरा गोदीत कामाला गेला तेव्हा त्याच्या बापानं हाक मारली नव्हती. तिकडे तो बोलायचा, जेवायचा, पगार आणायचा, पण त्याला बघून कुत्रं भुंकायचं नाय. असं माणूस मागं राहतं.

“तुला कोणी हाक मारली?” त्यानं विचारलं.

 आये आली होती धोंड्यापर्यंत, पण तिनं मारलेली चालत नाय. बाप वारल्यापासनं घरात थोरला तू. मी चालत राहिलो, वळणाशी मुद्दाम हळू झालो. चपलेत खडा गेला असं केलं. तू काय आला नाहीस.

मालोजी


३ जून

दादा,

आता मी तुला हात जोडून लिहितो. वहिनी, नीट वाच, घाई करू नको.

ह्या मोटेलचं पुढचं दार काचेचं, समोर माणूस आला की आपसूक सरकतं. माल भरलेली टोपली घेऊन मी गेलो आणि कपाळ आपटलं. मागं झालो, परत पुढं गेलो. दार उघडलं नाय. एक ट्रकवाला आला, उघडलं. तो गेल्यावर मी परत केलं. नाय. हात हलवले, उड्या मारल्या, माकडासारखा. दारानं मला पाहिलंच नाय.

कोठारात दिवा हाय, आत माणूस हलत असेतोवर जळणारा. मी पोती उचलत होतो, घाम येईतोवर हलत होतो, आणि तो विझला. अंधारात मी एकटा. खरं सांगू, इथं आल्यापासनं पहिल्यांदा अंधार बघितला. बरं वाटलं आधी. मग आतनं निषादला हाक मारली, तो आला, त्याचं एक पाऊल आत पडलं आणि दिवा लागला. तो माझ्याकडे बघत उभा. “तू इथंच होतास? मला रिकामं वाटलं.”

हजेरीला अंगठा लावायचं यंत्र हाय. पहिल्या आठवड्यात घेत होतं. आता घेत नाय. निषाद म्हणतो, दाव्यांनी तुझे अंगठे झिजलेत. पण दावं तर इथं आल्यापासनं धरलेलं नाय, झिजले कधी? सेजलबेन म्हणाली, “मशीन में तो तू चार दिन से आया ही नहीं.” मी तिच्यासमोर उभा होतो.

मला तो नळ आठवतो आता. तेव्हा हसलो होतो.

दादा, शिवेवर जा. भांडण नंतर कर, जलमभर कर, मी ऐकून घेईन. पण जा आणि तीन हाका मार. मी इथनं तिसरीला ओ देतो आणि सगळा इकडे येतो. नायतर महिना भरेल, सेजलबेन तिकीट काढेल, आणि दारात येऊन उभा राहीन तेव्हा तू म्हणशील, बघ आलास. आणि मी येईन पण कितीसा? विमानात बसेल तेवढाच.

सकाळच्या त्या दोन हाका रोज येतात. कुणाच्या ते मला माहीत नाय. आवाज मुद्दाम तुझ्यासारखा काढतं. मी कान बंद करून उभा राहतो, कारण तुझ्यासारखा ऐकला की ओठ आपसूक गोल होतात.

मालोजी


७ जून

दादा,

वहिनीवर डाफरू नको. ती स्वतः होऊन पोलादपूरला उतरली, जितेशला दुकानाबाहेर उभं केलं आणि आवाज भरला. मी तो इतक्या वेळा ऐकला की पाठ झालाय.

“भावजी, तुमचे कागद मी ह्यांना वाचून दाखवते, हे भिंतीकडे तोंड करून ऐकतात. पण एक तुम्हाला सांगते. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासनं, दिवे लावले की हे काठी घेऊन निघतात. कुठं म्हटलं तर रेडकू चुकलंय. रेडकू दाव्याला बांधलेलं! काल मी मागनं गेले. धोंड्यापाशी उभे राहिले, घाटाकडे तोंड करून, आणि तुमच्या नावानं हाक मारली. मग दुसरी मारली. मग ती त्यांची खोकल्याची उबळ आली, तंबाखूची. तिसरीला तोंड उघडलं, भावजी, आणि तसंच मिटलं. खाली बसले. म्हशीनं बसावं तसे बसले. मी दिसले तर म्हणाले, तिसरी मारली की गेला गं तो सगळा.”

दादा.

अस्वल नव्हतं ते. तुझा खोकला पण मला ओळखू आला नाय. किती वर्षं पाठीला पाठ लावून झोपलो आपण, आणि मी म्हटलं अस्वल.

निषादला सांगितलं की उद्या दुसऱ्या हाकेला ओ देणार. तो पोळी लाटता लाटता थांबला.

“तूच म्हणालास ना, दोन हाका कोणीही मारतं?”

“हो.”

“आणि तिसरी त्याला मारता येत नाही, जो माणूस नाही.”

“माझ्या दादाला पण येत नाय.”

“मग फरक कसा कळणार तुला?”

“खोकल्यावरनं.”

त्यानं राहिलेली पोळी लाटून तव्यावर टाकली. मग म्हणाला, “मी येतो बरोबर. पण पेटीच्या ह्या बाजूला उभा राहीन.”

मालोजी


९ जून

दादा,

ऐकलंस का?

काल नाय, आज दिली. काल धीर झाला नाय, तोंड उघडलं आणि मिटलं. तुझाच भाऊ.

आज गेलो. धुकं होतं, झाडांची नुसती टोकं वर. निषाद पेटीच्या मागं, हातात उलथनं घेऊन. उलथनं कशाला म्हटलं तर म्हणाला, असू दे. पहिली हाक आली. पक्षी बोलत होते ते गप झाले. दुसरी आली. मी थांबलो. मला वाटलं खोकला येत नाय. येतच नाय. निषादनं माझा सदरा मागनं धरला. आणि मग आला, तुझा खोकला, शेवटी ती शिट्टीसारखी ओढ असते तो. मी ओ दिली. घसा फाटेस्तोवर. ओऽऽ. खिंडीतनं देतो तशी, हात तोंडाशी धरून.

माझी ओ झाडांत गेली आणि परत काय आलं नाय. एवढ्या मोठ्या हाकेला इथं घुमारा पण नाय. कोणीतरी झेलून घेतल्यासारखी गेली.

सेजलबेन आतनं धावत आली. “रीछ आया क्या?” निषाद म्हणाला, “नहीं बेन, इस के भाई का फोन था.”

मग डोळे मिटायला लागले. निषादनं खोलीवर नेऊन टाकलं आणि माझं काम स्वतः केलं. मी झोपलो, दादा. आलो त्या दिवसापासनं असा झोपलो नव्हतो. उठलो तेव्हा भूक लागलेली, आणि जेवणाच्याच वेळेला. मी उड्या मारत खाली गेलो. पुढच्या दारापाशी गेलो.

उघडलं नाय.

म्हणून विचारतो. वहिनी, हे त्याला दोनदा वाच. दादा, ओ तुला कुठनं ऐकू आली? घाटाकडनं, समोरनं आली? की पाठीमागनं, गोठ्याकडनं?

मालोजी


१५ जून

दादा,

वहिनीचा निरोप मिळाला. तू काय सांगितलं नाहीस ते पण कळलं.

ती म्हणाली, “ओ आली, एवढंच म्हणाले. कुठनं म्हटलं तर चुलीकडे बघत बसले. पण भावजी, मी अंगणात होते, मी बघितलं. धोंड्यावरनं परत आले ते वाटेच्या एका कडेनं. मधनं चालले नायत. आपली पायवाट ती केवढी, तरी शेजारी एका माणसाची जागा सोडून, काट्यातनं चालत आले. दारात थांबले, बाजूला झाले, आधी कुणालातरी आत जाऊ दिल्यासारखं, आणि मग आले. मला म्हणाले भाकरी एक जास्त टाक.  आयेंनी जेवायला पाट मांडला.”

म्हंजे पाठीमागनं आली.

मी हे ऐकून आधी चिडलो. म्हटलं बघ, सोडलं नायच. मग भांडी घासायला गेलो, आणि हात चालायला लागले, एक खाली एक वर. मी थांबवले नायत. वहिनी म्हणते की मोरीचं दूध आता खाली गळत नाय, चरवी लावून ठेवली की चरवीत पडतं, आये गाळून घेते, आणि तू त्या पाटाशेजारी तंबाखू मळत बसतोस आणि बोलतोस. माझ्याशी एवढं कधी बोललास, दादा? वैरणीचं बोलतोस, रेडकाचं बोलतोस. वहिनी म्हणते, एकदा हसलास पण.

मग ठेव त्याला, तिकडे राहिलेल्या माल्याला.

मोरीला तो लागतो. आयेला लागतो. तुला लागतो हे तू म्हणणार नायस, मी पण विचारत नाय. इथं काल महिना भरला. सेजलबेननं हजेरीला यंत्र बंद करून माझ्यापुरती वही घातली आणि म्हणाली, “ठीक है, काम तो कर रहा है.” तिकीट काढलं नाय. मी आहे तेवढ्यानं भागतंय. कोठारात जाताना निषादची विजेरी नेतो. पुढच्या दाराशी कोण येईपर्यंत थांबतो, आणि तो आत शिरला की त्याच्या मागनं शिरतो. ट्रकवाले आता ओळखतात, मुद्दाम हळू चालतात.

सकाळी हाक येत नाय आता. पेटीची कडी लावून उगाच थोडा उभा राहतो.

फक्त एक काम कर. तुमची रात्र झाली की तो झोपतो, आणि इथं भर कामात माझे डोळे मिटतात, परवा बोट कापलं. म्हणून रात्री त्याला गोठ्यात राखणीला बसव, बिबट्या फिरतोय म्हणून सांग, तो बसेल, मला ठाऊक हाय. सकाळी धार झाली, भाकरी झाली की निजू दे. अंगावर घोंगडी टाक. दिवसभर वाडीतल्या पोरांना तिकडे दंगा करू देऊ नको.

आणि संध्याकाळी उठवायचं झालं तर नावानं हाक मारू नको. एक पण नको, एकाच्या तीन झाल्या तर तो निघून येईल. नुसतं ऊठ रे म्हण.

मालोजी